पाठीवरचं पाणी

पाटोदा तालुक्यात बालाघाटाच्या माथ्यावर पडलेल्या पावसाला तीन वाटा फुटतात. पहिली सिंदफणेची. ती उत्तरेला उतरते, माजलगावच्या धरणात विसावते आणि पुढे गोदावरीला मिळते. दुसरी मांजरेची. ती धनेगावच्या धरणातून लातूरच्या अंगानं पुढे सरकते, कर्नाटक-तेलंगणाचा लांबचा फेरा मारते आणि शेवटी तीही गोदावरीच गाठते. तिसरी विंचरणेची. ती सौताड्याला कड्यावरून दरीत उडी घेते, जामखेडकडे वळते आणि सीना, भीमा असं करत कृष्णेच्या खोऱ्यात जाते. एका तालुक्यावरचे ढग असे गोदावरी आणि कृष्णा या दोन्ही खोऱ्यांना पाणी वाटतात.

एवढ्या नद्यांचा उगम जिथे, तिथे पाण्याला काय तोटा, असं नकाशा पाहून वाटेल. डोंगर चालणाऱ्याचा अनुभव नेमका उलटा असतो. खालच्या ओढ्याला वरच्या सगळ्या उतारांचा पाझर मिळतो. माथ्याच्या डोक्यावर मात्र आभाळाशिवाय काही नसतं. तिथे पडतं तेवढंच त्याचं, आणि तेही उताराला लागून निघून जातं. त्यामुळे जलविभाजकाच्या कडेनं, म्हणजे दोन खोऱ्यांच्या मधल्या धारेवरून जाणारी वाट ही त्या मुलखातली सर्वांत कोरडी वाट असते. दृश्य तिथूनच चांगलं दिसतं, वारा तिथेच लागतो, म्हणून आपण नेमके तिथून चालतो.

तेव्हा बीड जिल्ह्यात लांबची डोंगरवाट चालायची तर पाणी पाठीवर हवंच. प्रश्न फक्त ‘किती’ एवढाच उरतो. त्याचं उत्तर माणसाच्या तहानेत निम्मंच असतं. उरलेलं निम्मं पुढच्या पाणवठ्यात असतं. तो किती दूर आहे, या महिन्यात तो जिवंत आहे का, आणि तिथलं पाणी पिण्याजोगं आहे का, हे कळल्याशिवाय सॅकमधल्या बाटल्यांची संख्या ठरत नाही.

दगड पाणी कसं धरतो

बालाघाट हा दख्खनच्या काळ्या पाषाणाचा, म्हणजे बेसॉल्टचा. साडेसहा कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्हाचे थर एकावर एक बसून हे पठार झालं. सलग घट्ट पाषाणात पाणी शिरत नाही. त्याच्या भेगांत, कुजून मुरूम झालेल्या भागात आणि दोन थरांच्या सांध्यात ते साठतं. काही ठिकाणी दोन थरांमध्ये तांबड्या मातीचा पट्टा असतो. वरून मुरलेलं पाणी अशा पट्ट्यावर किंवा खालच्या घट्ट दगडावर अडतं, आडवं सरकतं आणि जिथे डोंगराचा उतार तो थर कापतो तिथे झरा होऊन बाहेर पडतं. डोंगराच्या अंगावर एकाच उंचीवर ओळीनं हिरवी झुडपं दिसली, की तो सांधा तिथून जातोय असं बहुधा समजायचं.

या साठ्याची मर्यादा मात्र मोठी आहे. जिल्ह्याचा वर्षाचा सरासरी पाऊस सातशे मिलिमीटरच्या आतला, आणि तोही जवळपास सगळा जून ते ऑक्टोबरमध्ये. भेगांत साठणारं पाणी थोडं, त्यामुळे झरे पावसाळा संपल्यावर एकेक करून मावळतात. सप्टेंबरात मांजरसुंब्याजवळच्या कपिलधारेला धबधबा असतो, सौताड्याच्या कड्यावरून विंचरणा कोसळत असते. या दोन जागांचे फोटो पाहून कुणी एप्रिलात बाटली रिकामी घेऊन निघाला, तर त्याला काळा ओला डाग पडलेला कातळ पाहून परतावं लागेल.

बीडचे जुने लोक हे जाणून होते. शहराच्या दक्षिणेला असलेली खजाना विहीर १५८०च्या दशकात, निजामशाहीच्या काळात सलाबतखानानं बांधून घेतली. जमिनीखालचा पाझर गाठून पाणी भुयारी मार्गानं फिरवायचं, उन्हाला दाखवायचंच नाही, ही त्यामागची युक्ती. धारूरच्या किल्ल्यातही वस्तीला पुरेल असं पाणी हौद-टाक्यांत साठवलं जायचं. सोय साठवणीत होती. वाटसरूला पाठीवर थोडंच न्यावं लागे, कारण मुक्कामाच्या गावी बारव असे.

वाटेवर मांडलेलं पाणी

या जिल्ह्यातून दरवर्षी हजारो माणसं शेकडो किलोमीटर चालतात, आणि त्यांतल्या बहुतेकांच्या पाठीवर सॅक नसते. पैठणहून निघालेली एकनाथ महाराजांची पालखी रायमोहा, पाटोदा असं बालाघाट ओलांडत पंढरपूरला जाते. मुक्ताईंची पालखी गेवराई-बीडवरून जाते. शेगावची गजानन महाराजांची पालखी परळी-अंबाजोगाईवरून जाते. कार्तिकी पौर्णिमेला मन्मथ स्वामींच्या कपिलधारेला मराठवाड्यातून आणि शेजारच्या राज्यांतून पायी दिंड्या येतात.

यातला वारकरी दिवसाला वीस-पंचवीस किलोमीटर चालतो आणि त्याच्या झोळीत फार तर एक बाटली असते. दिंडीच्या मागे ट्रक असतो, त्यावर किंवा सोबत टँकर असतो. गावोगाव लोक रस्त्याला पाण्याचे जार, रांजण आणि चहाची पातेली मांडून उभे असतात. दिंडीतच डोक्यावर पाण्याचा हंडा घेतलेली एखादी माउली असते. चालता चालता कुणी ओंजळ पुढे केली, की ती थांबते आणि पाणी देते. म्हणजे या लोकांनी पाण्याचं ओझं वाटेवर पसरून ठेवलेलं आहे. पाणवठे एकमेकांच्या इतके जवळ आणले, की पाठीवरचं वजन शून्याजवळ गेलं.

याच वाटांवर पाणी खांद्यावर वाहून नेण्याचाही एक जुना रिवाज आहे. आष्टी तालुक्यातल्या सावरगावाला, मायंबाच्या डोंगरावर मच्छिंद्रनाथांची समाधी आहे. गुढीपाडव्याच्या सुमारास भक्त पैठणला गोदावरीचं पाणी भरतात आणि कावडीनं पायी तिथे आणतात. शेजारच्या मढीलाही कानिफनाथांसाठी अशाच कावडी येतात. कावड म्हणजे लवचीक बांबू आणि त्याच्या दोन टोकांना सारख्या वजनाची दोन भांडी. एका बाजूला पाव लिटर जास्त झालं तरी खांद्याला लगेच कळतं. बांबू चालण्याच्या ठेक्याबरोबर लवतो, त्यामुळे धक्का खांद्यावर एकदम बसत नाही. भांडं तोंडापर्यंत भरायचं आणि तोंड बांधायचं, कारण अर्धवट भरलेलं पाणी हिंदकळतं आणि हिंदकळणारं पाणी पावलाचा तोल घालवतं. हे तिन्ही नियम सॅकला जसेच्या तसे लागू पडतात.

ते पाणी देवाचं असल्यामुळे कावडीवाला त्यातला थेंब पीत नाही. त्याची स्वतःची तहान वाटेवरची गावं भागवतात. काशीची कावड तहानलेल्या गाढवाला पाजल्याची कथा एकनाथांच्या नावानं सांगितली जाते, आणि ते पैठणचेच, हेही इथे आठवतं.

आडवाटेला लागलेल्या दोन-चार जणांच्या मागे ना टँकर असतो ना गाव. त्यांनी हिशेब स्वतःच मांडायचा.

घामाचा जमाखर्च

चढावर सॅक घेऊन चालणारा माणूस तासाला साधारण ४०० ते ५०० किलोकॅलरी ऊर्जा जाळतो. यातली जेमतेम पाव ऊर्जा स्नायूंच्या कामी येते, बाकीची उष्णता होते. ही साडेतीनशेच्या आसपास किलोकॅलरी शरीराबाहेर गेली नाही, तर तासाभरात ताप चढल्यासारखी अवस्था होईल. हवा थंड असली की त्वचेवरून बरीच उष्णता वाऱ्यानं निघून जाते. हवेचं तापमान त्वचेच्या तापमानाला, म्हणजे ३५ अंशांच्या आसपास पोचलं, की तो मार्ग बंद होतो. त्याहून वर गेलं तर हवाच शरीराला तापवू लागते. तेव्हा एकच उपाय उरतो, घाम.

एक लिटर घाम पूर्ण वाळला तर सुमारे ५८० किलोकॅलरी उष्णता घेऊन जातो. वरच्या आकड्याला भागलं तर तासाला सहाशे मिलिलिटर घाम लागतो. पण सगळा घाम वाळत नाही, काही कपाळावरून टपकून वाया जातो. उन्हाचा मारा वेगळाच. म्हणून मार्च-एप्रिलच्या दुपारी तासाला पाऊण ते एक लिटर घाम जाणं ही साधी गोष्ट आहे. मराठवाड्याची उन्हाळी हवा कोरडी असते, घाम येतो न येतो तोच उडून जातो. शर्ट कोरडा राहतो आणि माणसाला वाटतं आपल्याला घामच येत नाही. काळ्या शर्टावर उमटलेल्या पांढऱ्या मिठाच्या रेषा खरं काय ते सांगतात. आषाढात उलट होतं. हवेत दमटपणा असल्यामुळे घाम वाळत नाही, अंग चिकचिकतं, आणि पाणी गेल्याच्या मानानं अंग थंड होत नाही.

वजनाच्या दोन टक्के पाणी कमी झालं, की चालण्याची ताकद आणि लक्ष दोन्ही घसरू लागतात. सत्तर किलोच्या माणसाला हे दोन टक्के म्हणजे १.४ लिटर. कडक उन्हात काही न पिता दीड-दोन तास चाललं की तो आकडा गाठला जातो. पाय घसरणं, वाट चुकणं, सोबत्यावर विनाकारण चिडणं अशा गोष्टी बरेचदा इथून सुरू होतात.

याचा अर्थ जमेल तेवढं पीत सुटावं असा नाही. आतडी पाणी शोषून घेतात त्याला गती असते. उन्हात काम करणाऱ्यांसाठी सांगितला जाणारा ढोबळ नियम असा, की दर पंधरा-वीस मिनिटांनी पेलाभर प्यावं, आणि तासाला दीड लिटरच्या वर जाऊ नये. नुसतं पाणी फार प्यायलं तर रक्तातलं सोडियम पातळ होतं. २००२च्या बॉस्टन मॅरेथॉनमध्ये ४८८ धावपटूंचं रक्त शर्यतीनंतर तपासलं, तेव्हा १३ टक्क्यांच्या रक्तात सोडियम प्रमाणाखाली गेलेलं आढळलं. शर्यतीत वजन वाढलेल्यांना, म्हणजे गेलं त्याहून जास्त प्यायलेल्यांना, हा धोका सर्वांत जास्त होता. डोकं दुखणं, मळमळ, गोंधळल्यासारखं होणं ही लक्षणं पाणी कमी झाल्यावरही दिसतात आणि पाणी जास्त झाल्यावरही. म्हणून कोण किती प्यायलं याकडे सोबत्यांचं लक्ष हवं.

पाणी आणि मीठ

घामाबरोबर मीठ जातं, तेव्हा पाण्याबरोबर मीठ परत यायला हवं. इथे आपली शिदोरी फार शहाणी आहे. भाकरी, ठेचा, लोणच्याची फोड, शेंगदाण्याची चटणी, कांदा. यात मीठ भरपूर आणि शिजवायला वाटेत पाणी लागत नाही. दशम्या आणि धपाटे दोन दिवस टिकतात. वर जाऊन खिचडी लावायची तर तांदळाला, भांडी विसळायला आणि हात धुवायला मिळून माणशी दीड-दोन लिटर पाणी जास्तीचं वाहावं लागतं. धपाटे नेले की तेवढे दोन किलो घरीच राहतात.

शिदोरी पोटात जात नसेल, मळमळत असेल, तर ओआरएस. १९७१ साली बांगलादेशातून आलेल्या निर्वासितांच्या बनगाव इथल्या छावणीत पटकी पसरली आणि सलाईन संपत आलं. डॉ. दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखरेचं पाणी पाजून हजारो जीव वाचवले. आतड्यात साखर आणि सोडियम जोडीनं शोषले जातात आणि त्यांच्यामागे पाणी ओढलं जातं, एवढ्या साध्या गोष्टीवर हे औषध उभं आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या सूत्राचं पाकीट साडेवीस ग्रॅमचं असतं आणि ते बरोबर एक लिटरलाच घालायचं. अर्ध्या बाटलीत पूर्ण पाकीट ओतलं तर ते द्रावण अति तीव्र होतं. घरगुती प्रमाण लिटरला सपाट सहा चमचे साखर आणि अर्धा चमचा मीठ. ओआरएससारखं नाव लावून विकली जाणारी नुसती गोड पेयं मात्र या कामाची नाहीत.

किती घ्यायचं

मार्चमधली एक दिवसाची वाट धरू. सकाळी सहाला सुरुवात, एकला परत, त्यात पाच तास प्रत्यक्ष चाल, वाटेत पाण्याची खात्री नाही. पहिले तीन तास थंडाव्याचे, तासाला अर्ध्या लिटरनं दीड लिटर. पुढचे दोन तास उन्हाचे, तासाला आठशे मिलिलिटरनं एक लिटर सहाशे. जेवताना चारशे. बेरीज झाली साडेतीन लिटर. वर अर्धा लिटर राखीव. एकूण चार.

हाच मार्ग नोव्हेंबरात चालला तर अडीच-तीन लिटरमध्ये भागतं. मेमध्ये बेरीज पाच-सहाच्या पुढे जाते. तेव्हा पाणी वाढवण्यापेक्षा चालच कमी करावी, नऊच्या आत डोंगर सोडावा, किंवा जाऊच नये.

एक लिटर पाणी एक किलो भरतं, यात काटकसर करता येत नाही. चार लिटर म्हणजे चार किलो आणि वर भांड्यांचं वजन. यातलं थोडं मात्र खांद्यावरून उतरवता येतं. निघण्याआधी तासाभरात सावकाश अर्धा लिटर पिऊन घ्यायचं. पोटात गेलेलं पाणी पट्ट्याला लोंबत नाही. वाटेत पहिला हापसा लागला की तिथे पोटभर पिऊन, मगच बाटली भरायची.

चार किलोचं ओझं कुरकुरत उचलताना आपल्याच जिल्ह्यातल्या बायका उन्हाळ्यात टँकरवरून किंवा विहिरीवरून पंधरा लिटरचा हंडा डोक्यावर आणतात, हे ध्यानात असू द्यावं. १९८६ साली ‘नेचर’मध्ये आलेल्या एका अभ्यासात केनियातल्या काही स्त्रिया आपल्या वजनाच्या वीस टक्क्यांपर्यंतचं ओझं डोक्यावर घेऊन जादा ऊर्जा न खर्चता चालतात, असं दिसलं होतं. ती लहानपणापासूनची सवय असते. शनिवार-रविवारच्या ट्रेकरला ती उसनी मिळत नाही आणि मानेला ते ओझं सोसतही नाही. त्यानं सॅकचाच आधार घ्यावा.

कशात घ्यायचं

पूर्वी शेतावर जाताना मातीची केळी न्यायचे. पाझरणाऱ्या मातीमुळे पाणी गार राहायचं, पण ठेच लागली की केळी गेली. प्रवासाला फिरकीचा तांब्या असायचा. झाकण आट्यांनी बसायचं, सांडायची भीती नाही, वजन मात्र दणदणीत. मोठ्या प्रमाणावर पाणी वाहायला चामड्याची पखाल होती, ती जनावराच्या पाठीवर जायची.

आज मराठवाड्यातल्या शेतकऱ्याच्या आणि ट्रकवाल्याच्या हातात दिसतो तो गोणपाटात शिवलेला प्लास्टिकचा कॅन. गोणपाट ओलं करायचं आणि वाऱ्याला टांगायचं. यामागचं गणित बघण्यासारखं आहे. लिटरभर पाण्याच्या भांड्याभोवती दहा ग्रॅम पाणी वाळलं, तर ते सहा किलोकॅलरीच्या आसपास उष्णता नेतं, म्हणजे आतलं पाणी तत्त्वतः सहा अंशांनी उतरतं. बाहेरून ऊन शिरतच असतं, त्यामुळे प्रत्यक्षात जास्त पाणी खर्च होतं. तरीही चैत्रात कॅनमधलं पाणी घशाखाली उतरेल इतकं गार राहतं. आषाढात हीच युक्ती फिकी पडते, कारण दमट हवेत गोणपाट वाळतच नाही. ट्रेकरला बाटलीवर जुना सुती मोजा ओढून हेच करता येतं.

पाण्याच्या साध्या बाटलीचं प्लास्टिक म्हणजे पेट. अमेरिकेतल्या नॅथॅनिएल वायथ यांनी त्याच्या बाटलीचं पेटंट १९७३ मध्ये मिळवलं. लिटरची बाटली पंचवीस-तीस ग्रॅमची असते, रिकामी झाली की दाबून बारीक करता येते. तिला उन्हात तापत ठेवू नये आणि आतून बुळबुळीत लागली की बदलावी. दुहेरी भिंतीची स्टीलची बाटली पाणी थंड ठेवते, पण लिटरच्या बाटलीचं स्वतःचंच वजन अर्ध्या किलोच्या आसपास जातं. तेवढ्या वजनात अर्धा लिटर पाणी आलं असतं. एक छोटी घ्यावी, सगळ्या तशा घेऊ नयेत.

नळीवाली पिशवी, म्हणजे हायड्रेशन ब्लॅडर, टेक्सासमधल्या सायकल शर्यतीतून आली. १९८०च्या दशकाच्या अखेरीस मायकेल आयडसन या रुग्णवाहिकेवर काम करणाऱ्या सायकलस्वारानं सलाईनची पिशवी मोज्यात घालून शर्टाच्या पाठीला शिवली आणि नळी खांद्यावरून पुढे घेतली. तिचा मोठा फायदा असा, की न थांबता घोट घोट पिता येतं. तोटे तीन. किती उरलं ते दिसत नाही, काट्यानं भोक पडलं तर सगळंच जातं, आणि नीट वाळवली नाही तर नळीत बुरशी धरते. नळीतलं पाणी उन्हानं तापतं, म्हणून घोट घेतल्यावर नळीत फुंकून पाणी परत पिशवीत ढकलावं. बाभळी-बोरीच्या काटेरी बालाघाटात सगळं पाणी एकाच पिशवीत भरणं धोक्याचंच. दोन लिटर पिशवीत, दोन बाटल्यांत, अशी विभागणी बरी.

सॅकमध्ये कुठे

जड वस्तू पाठीला चिकटून आणि मध्यावर, हा नियम. पाठीपासून लांब बाहेरच्या खणात पाणी ठेवलं तर सॅक मागे ओढते, माणूस तोल सावरायला पुढे वाकतो आणि कंबर भरून येते. तळाशी ठेवलं तर खांद्याचे पट्टे काचतात. म्हणून पिशवी किंवा मोठी बाटली आत, पाठीला लागून, खांद्याच्या पात्यांच्या जरा खाली. बाजूच्या दोन जाळ्यांत एकेक लिटर. प्यायचं ते डावी-उजवीकडून आलटून पालटून, कावडीच्या हिशेबानं. कंबरेचा पट्टा घट्ट आवळला, की बराच भार खांद्यांवरून कंबरेच्या हाडांवर उतरतो.

राखीव अर्धा लिटर तळाशी, हाताला सहज न येणाऱ्या जागी. ते तहानेसाठी नसून अपघातासाठी असतं. कुणाला ऊन लागलं, अंग तापलं, माणूस बरळू लागला, तर त्याला सावलीत घेऊन, कपडे सैल करून अंगावर पाणी शिंपडायचं आणि वारा घालायचा. शुद्ध हरपत असेल तर तोंडात पाणी ओतायचं नाही. अशा वेळी सॅकमधलं पाणी पोटापेक्षा कातडीवर जास्त उपयोगी पडतं. मग तातडीनं दवाखाना.

वाटेत भरायचं झालं तर

मराठवाड्यातल्या आताच्या पन्नाशी-साठीतल्या माणसांनी नारू पाहिलेला आहे. बारवेच्या पाण्यातला सूक्ष्म जीव पोटात गेला, की वर्षभरानं पायातून हातभर लांबीचा जंत बाहेर यायचा. पायऱ्यांवरून उतरून पाण्यात पाय घालून भरण्याची पद्धत त्याला कारण होती. पायऱ्या बंद करणं, हापसे बसवणं आणि पाणी दुहेरी फडक्यानं गाळणं, यांतून तो गेला. २०००च्या फेब्रुवारीत जागतिक आरोग्य संघटनेनं भारत नारूमुक्त झाल्याचं जाहीर केलं. फडक्याचं महत्त्व अजून संपलेलं नाही. गढूळ पाणी आधी गाळायचं, निवळू द्यायचं, मग उकळायचं किंवा क्लोरीनचं द्रावण पाकिटावरल्या प्रमाणात घालून अर्धा तास थांबायचं. गढूळ पाण्यात क्लोरीन मातीवरच खर्ची पडतं.

उकळून जंतू मरतात, रसायनं जात नाहीत. नायट्रेट आणि फ्लोराइड काही भूजलात असतात. एखाद दिवसाच्या घोटानं त्यांचा त्रास होत नाही. कापसावर फवारणी चालू असलेल्या वावरातली विहीर मात्र टाळावी. आणि प्लास्टिक अंथरलेल्या शेततळ्यात बाटली भरायला कधीही उतरू नये. ते प्लास्टिक शेवाळानं निसरडं असतं, काठ उभे असतात, पोहता येणाऱ्यालाही वर चढता येत नाही. बाटलीला दोरी बांधून काठावरून सोडावी, तीही काठापासून मागे बसून.

वरच्या झऱ्याची खात्री करायला नकाशापेक्षा गुराखी बरा. पण प्रश्न नेमका हवा. “मामा, वरल्या झऱ्याला पाणी हाय का?” असं विचारलं, तर “हाय की” असं उत्तर येतं. झरा तिथे आहेच, आणि पाहुण्याला नाही कशाला म्हणायचं. त्याऐवजी विचारावं, “जनावरं सध्या कुठं पाजता?” “खाली हापशावरच आणतोय, पंधरा दिवस झालं,” असं तो म्हणाला, तर वरचा झरा गुरांच्याही कामाचा उरलेला नाही. मग सॅकमधल्या दोन दाबून ठेवलेल्या रिकाम्या बाटल्या काढायच्या, त्याच हापशावर भरायच्या आणि दोन किलो वाढवून चढाला लागायचं.